व्हिडिओ गेम ही कला नव्हे, हे पटवायला गेलो त्याची हकिकत

ती. ताईस,

तुझ्या आज्ञाधारक धाकट्या भावाचा नमस्कार. तुझ्या गुडघेदुखीला आता उतार पडला असेल. मी ठणठणीत आहे, फक्त दोन्ही अंगठे दुखतात. का, ते सांगतोच.

तू बजावलं होतंस, "तू चित्रकलेचा मास्तर, तुझं ती ऐकेल. इमारती आखायची चांगली नोकरी सोडून पोरगी व्हिडिओ गेम बनवत बसलीय. ही काही कला नव्हे, एवढं तिच्या डोक्यात घाल." म्हणून रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा चढवून, मुद्दे पाठ करून, मी भाचीच्या खोलीवर थडकलो. (खोली कसली, टेबलभर वायरी आणि एकुलत्या एका खुर्चीवर वाळत घातलेले मोजे.) मी घसा खाकरला, तोच तिने हातात बटणांचं एक यंत्र कोंबलं. (त्याला रिमोट म्हटलं की तिला राग येतो.) "मामा, आधी खेळ, मग बोल."

खेळात एक म्हातारी आहे. मोठं घर सोडून तिला एका खोलीत राहायला जायचंय. गाडी लहान, सामान फार. काय न्यायचं ते आपण ठरवायचं. सुरुवातीला म्हातारी बराच वेळ भिंतीवर डोकं आपटत राहिली. मी गहिवरून म्हणालो, "वा! माणसाची हतबलता काय दाखवली आहेस!" भाची म्हणाली, "मामा, बटणावरून अंगठा काढ."

मग जमायला लागलं. पलंग घेतला, कपाट घेतलं, शिवणयंत्र उगाच जागा खातं म्हणून जिन्याखाली ठेवलं. (मी किती व्यवहारी, तुला माहीतच आहे.) म्हातारी खिडकीपाशी गेली, यंत्राच्या रिकाम्या जागी उभी राहिली आणि एक पाऊल जमिनीवर हलवू लागली. वर, खाली, वर, खाली. ताई, मला दरदरून घाम फुटला! कपाट उतरवून यंत्र आणायला धावलो, तोवर गाडी सुटली.

मी भडकलो. "इतकी दुष्ट कशी गं तू? दे तिचं यंत्र तिला!"

ती शांतपणे म्हणाली, "मागे मी नाही ठेवलं, मामा. तू ठेवलंस."

पाठ केलेले मुद्दे कुठल्या कुठे गेले. जन्मभर चित्रं काढली. लोकांनी माना डोलावल्या, एका बाईंनी तर सोफ्याशी रंग जुळेल का तेही विचारलं. पण माझ्या चित्रासमोरून कुणी अपराधी चेहऱ्याने परतल्याचं आठवत नाही.

तरी मी हट्ट सोडला नाही हं. "कला असेल, पण थोडीशीच," असं बजावलं आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. ती जेवायला हाका मारतेय आणि मी आपला "एवढी गाडी भरू दे" म्हणतोय! शेवटी शिवणयंत्र गाडीत चढलं. पलंग मागे राहिला, पण नव्या खोलीत म्हातारी खुशीत शिवत बसली. मी डोळे पुसले आणि खोलीत धूळ फार आहे अशी तक्रार केली.

तेव्हा तुझं काम काही झालं नाही. राग मानू नकोस.

तुझा,
नापास भाऊ

ता. क. : म्हातारीला अजून आवाज मिळालेला नाही. सामान आवरताना तू सगळ्यांच्या नावाने जे तोंडातल्या तोंडात खडे फोडतेस, अगदी तसं पुटपुटणं भाचीला हवंय. तुला विचारायला ती घाबरते, म्हणून मीच तुझा होकार कळवून टाकलाय.

पुन्हा ता. क. : हे वाचून तू चिडून फोन करणारच. जरूर कर. आम्ही रेकॉर्डिंग चालू करून बसलोय.