अबोली रंगाची बस

बाबा, माझं काम काय आहे ते तुला सांगायची वेळच आली नाही. तू गेलास तेव्हा मी दहावीत होते. आता म्हापशाच्या एका छोट्या ऑफिसात मी दुकानांच्या, हॉटेलांच्या वेबसाईट आणि ॲप तयार करते. एखाद्या धंद्याची जी ओळख पाटीवर, पिशवीवर, लोकांच्या तोंडी असते, ती मोबाईलच्या पडद्यावरही तशीच दिसली पाहिजे, हे बघायचं माझं काम. आपल्या घरातली पहिली पदवी माझी, त्यामुळे आईला वाटतं मी कॉम्प्युटरवर काहीतरी फार मोठं करते. मध्यंतरी तुझ्या बसमालकाचा मुलगा आमच्याकडे आला. तू होतास तेव्हा तो पुण्याला शिकत होता. आता बस तोच बघतो. त्याला ॲप हवं होतं. गाडी कुठे पोचली ते दिसावं, तिकीट आणि पास तिथेच मिळावा. पेडणे ते हरमल. ज्या गाडीच्या दारात उभं राहून तू वर्षं काढलीस ती कधीच मोडीत गेली, पण तिच्या जागी आलेल्या गाडीचा रंग तोच आहे.

गाडीवर देवीचं नाव होतं, पण ते घेताना मी कुणाला ऐकलं नाही. सगळे म्हणायचे, ‘अबोली इली.’ एकदा ती गॅरेजमध्ये होती आणि मालकाने बदली म्हणून पांढरी गाडी पाठवली होती. मी शाळेच्या गणवेशात मागच्या सीटवर बसले आहे. थांब्यावर मासळीच्या टोपल्या घेऊन बायका उभ्या आहेत आणि एकही हात वर होत नाही. तू शिटी मारून गाडी थांबवतोस, अर्धा बाहेर लोंबतोस. “मीच आसंय गे, चडा.” त्यांच्यातली एकजण टोपली उचलताना तुलाच सुनावते, “गाडी बदलून हाडलंस ता काल सांगूक नको? आमी काय तुझा तोंड बघून हात करतो?” सगळी बस हसते. मी शहाणपणाने म्हणते, बोर्ड तर लावला आहे, वाचायचा ना. तू तिकिटं फाडता फाडता माझ्याकडे न बघताच म्हणतोस, “बोर्ड वाचून होयसर गाडी फुडे गेलेली आसता. गप बस.”

तर या मुलाला आणि आमच्या सरांना ॲप निळं हवं होतं. निळा भरवशाचा वाटतो, अबोली जुनाट दिसते, असं सर म्हणाले. इथपर्यंत मी ऐकून घेतलं. मग मालकाचा मुलगा म्हणाला की ॲपशी जुळावं म्हणून तो गाडीही निळी करून घेणार, हरमलच्या टुरिस्टांसाठी बाजूला माडाचं चित्र काढणार. सगळं एकसारखं. एकसारखं हवं हे बरोबरच होतं, मीही तेच शिकले आहे. पण ओळख गाडीवर आधीपासून आहे. पडद्याने गाडीसारखं व्हायचं की गाडीने पडद्यासारखं? मी निळं करणार नाही म्हटल्यावर सरांनी विचारलं, “तुला पगार मी देतो की ती गाडी?”

तरी मी दोन आठवडे अबोलीवरच काम केलं. सोपं नव्हतं. त्या रंगावर पांढरी अक्षरं सुंदर दिसतात, पण मोबाईल घेऊन भर दुपारी थांब्यावर उभी राहिले तर एक अक्षर वाचता येईना. मग अक्षरं गडद तपकिरी केली. नकाशावर सरकणारा ठिपका अबोली, तिकिटाची पट्टी अबोली. थांब्यांची नावं सरकारी यादीतली काढून टाकली आणि तू ओरडायचास तशी घातली: गिरणीकडे, वडाकडे, तिठ्यावर.

काल दोघांसमोर ते ठेवलं. मालकाच्या मुलाने बराच वेळ बोट फिरवलं. म्हणाला, “तुका निळ्याचो इतको राग कित्याक?”

“राग नाय. गाडी रंगवच्या आधी म्हयनोभर ॲप असाच चालवून बघा. लोकांका नको झाला तर निळा मीच करून देतंय.”

“आनि मगे तोंड पाडून बसशीत.”

“बसान. पण गाडयेक तोपर्यंत ब्रश लावूचो नाय.”

तो हसला आणि ‘म्हयनोभर’ म्हणून उठला. महिना पुरेसा आहे. मी रोज थांब्यावर जाऊन बघणार आहे, कोण कुठे अडतं ते विचारणार आहे, आणि अडेल ते दुरुस्त करणार आहे. रंग सोडून.

तू त्या बसचा कंडक्टर होतास हे मी दोघांनाही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर माझं सगळं म्हणणं त्यांनी मुलीच्या मायेत जमा केलं असतं. हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून तुला सांगते: बस दुसऱ्या कुणाची असती तर मी मुकाट्याने निळा रंग देऊन मोकळी झाले असते का, हे माझं मलाच अजून कळलेलं नाही.