स्वयंपाकास सक्त मनाई

सोमवार, १५ एप्रिल १९७४

मुंबईच्या लॉजचं कार्ड आलं. खाली छापलंय, खोलीत स्वयंपाक करण्यास सक्त मनाई. ह्यांनी वाचून बाजूलाच टाकलं. "स्वयंपाकच करू देत न्हाईत की! चार पोरं घेऊन आठ दिवस कसं र्‍हायचं? धर्मशाळाच बरी. तितं स्टोव्ह चालतो."

मी ती ओळ पुन्हा वाचली. सक्त मनाई. लग्नाला चौदा वर्षं झाली, स्वयंपाक करू नकोस असं मला कुणी बजावलं नाही. पण हे ह्यांना कसं सांगायचं? स्टोव्ह हल्ली भडकतोय, पोरांजवळ नको, एवढंच मी बोलले.

"मग लॉजच बघू," हे म्हणाले.

संध्याकाळची आमटी मुद्दाम शेगडीवर केली. स्टोव्हला काहीएक झालेलं नाही.