डाव्या हातातला डबा

दि. ६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (विनंती शेवटी, विशेष आधी!)

खोली मिळाली! अभ्यासिकेच्या वरच्याच मजल्यावर, दोघींत एक. खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते, त्यामुळे बाहेर बघत बसायचा प्रश्नच मिटला. सोबतीण माझ्याच परीक्षेला बसते आहे. तिला इथे सगळे शंकासूर म्हणतात, कारण उत्तर बरोबर आलं तरी ते का बरोबर आलं म्हणून ती हुज्जत घालते. फोन सकाळी खाली पेटीत जमा करावे लागतात. तसंही तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायची लाज वाटते, तेव्हा आपलं पत्रच बरं.

तुला ठाऊक आहेच, तरी लिहिते, म्हणजे मलाच धाक राहील. पाणीपुरवठा खात्याची ही लिपिकाची भरती माझी शेवटची. जूनमध्ये वयाची अट ओलांडते. पहिल्या खेपेला तीन मार्कांनी गेले, दुसऱ्या खेपेला दोन मार्कांनी, आणि दोन्ही वेळा बुद्धिमत्ता चाचणीनेच घात केला. म्हणून या महिन्यात फक्त तेच. दंतवैद्याकडची नोकरी सोडून आले आहे, आता मागे फिरायला जागा नाही.

तुझ्यासाठी एक सोपा प्रश्न पाठवते, करमणूक म्हणून. एका बाईच्या फोटोकडे बोट दाखवून एक माणूस सांगतो, की हिच्या आईचा एकुलता एक मुलगा म्हणजे माझे वडील. तर ती बाई त्याची कोण? आणि दुसरा: पाच जण एका रांगेत दक्षिणेकडे तोंड करून बसलेत. वकील मधोमध. शिक्षिका वकिलाच्या लगेच डावीकडे. सुतार आणि शिक्षिका यांच्यामध्ये फक्त वकील. तर सुतार कुठे?

उत्तर लवकर पाठव. लोभ आहेच, परीक्षेपर्यंत त्यात काटछाट नको.

तुझी,
भिंगरी

---

दि. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद, आणि दोन जास्तीचे शंकासुराला.

पहिल्याचं उत्तर: आत्या! हे काय विचारणं झालं? पण मला त्या माणसाचा राग आला. सख्ख्या आत्याकडे बोट दाखवून असं आडवळणाने बोलतात का? सरळ आत्या म्हणायला याची जीभ झिजते काय! माझी पुतणी असती— हे बघ, पुतणीच लिहिलं. भाची, भाची! तुझ्या नात्यांच्या प्रश्नांनी माझंच डोकं फिरवलंय.

दुसऱ्याचं मी खडूने फरशीवर चित्र काढलं आणि पाच डबे मांडले. समोरच्या चष्म्याच्या दुकानातला आपला चष्मेवाला चहाला आला होता, तोही गुडघे टेकून बसला. त्याचं म्हणणं, वकील मधोमध बसलाय म्हणजे भांडण नक्की आहे. आम्ही सुतार वकिलाच्या लगेच उजवीकडे बसवला. बरोबर ना?

आपल्या पाट्या रंगवायच्या दुकानाचं म्हणशील तर या महिन्यात एकच काच रंगवली, नव्या शिंप्याची. बाकी सगळे मशीनवर कापलेले स्टिकर चिकटवतात. हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. एवढ्यासाठी लिहिते, की दुकान आहेच की म्हणून तू मनातल्या मनात मागचं दार उघडं ठेवू नयेस. हे दुकान दोघींना पुरायचं नाही, आणि मला तू इथे ब्रश धुताना दिसायला नको आहेस.

तुझे सराव पेपर कसे जातायत ते तू लिहिलंच नाहीस. तू जे लिहीत नाहीस तेच मला आधी दिसतं. चुकलेले प्रश्न पाठव. बरोबर आलेले नकोत, त्यांचं मला काय करायचंय!

जीव लावून अभ्यास कर, पण जेवण सोडलंस तर तिथे येऊन कान पिळीन.

तुझी आत्या

---

दि. १५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. विशेष असं की विशेष काही बरं नाही.

पकडलंसच मला. आठ सराव पेपर झाले. संख्यामालिका, सांकेतिक भाषा, नाती, घड्याळ, सगळं झकास. आणि बैठक व्यवस्थेचे प्रश्न आले, की माती. गंमत म्हणजे सगळे चुकत नाहीत. कधी पाचपैकी पाच बरोबर, तर कधी पाचपैकी भोपळा. शिकवणारे सर सांगतात की मी घाई करते. म्हणून सावकाश केले, तर सावकाश चुकले. तुझा सुतारच बघ. मी शिक्षिकेला कागदाच्या डाव्या अंगाला बसवलं आणि सुताराला उजव्या. टोकाला कोण असं विचारलं असतं, तर उत्तरपत्रिकेप्रमाणे माझी सगळी रांगच उलटी. वर शंकासुराशी तासभर वाद घातला, की माझंच बरोबर.

खरं सांगू? भीती वाटते आहे. परवा पेपर तपासून झाल्यावर जिन्यात बसून रडले. बत्तीस वर्षांची बाई, आणि कागदावरच्या पाच माणसांना धड बसवता येत नाही. कदाचित माझ्या डोक्यातच काहीतरी कमी असेल, तसं असेल तर ते एकदाचं कळलेलं बरं.

चुकलेले सत्तेचाळीस प्रश्न पाठवते आहे, माझ्या आकृत्यांसकट. चष्मेवाल्याला दाखवू नकोस. बरं, दाखव.

लोभ असू दे. मला त्याची आत्ता फार गरज आहे.

भिंगरी

---

दि. २० फेब्रुवारी

भिंगरे! अगं भिंगरे!

आशीर्वाद वगैरे सगळं समजून घे, मला आधी हे सांगायचंय. तुझ्या डोक्यात काहीही कमी नाही. सापडली! चूक सापडली! सत्तेचाळीस नाहीत, एकच आहे!

तुझे कागद मी काउंटरवर पसरले. माझी बुद्धी परीक्षेची नाही, पण रेघ कुठे कलली ते मला लांबून दिसतं. जिथे माणसं उत्तरेला तोंड करून, म्हणजे आपल्याकडे पाठ करून बसलीत, असा प्रश्न या ढिगात जवळजवळ नाहीच. दक्षिणेला तोंड असलेले एकोणतीस. मग गोल टेबलाचे घेतले. टेबलाच्या खालच्या अर्ध्यात तू सगळ्यांना बरोबर बसवलंस आणि वरच्या अर्ध्यात एकजात चुकलीस. वरचे म्हणजे कोण? आपल्याकडे तोंड असलेले! चष्मेवाल्याने मोजून बघितलं. सत्तेचाळीसपैकी त्रेचाळीस तसेच, आणि उरलेले चार खरोखरच तुझ्या घाईचे.

मग माझ्या लक्षात आलं, की ही चूक जगात दुसरं कुणी करणार नाही. आठवतं का, मी काचेच्या आतून, बाहेरून सुलटी दिसावीत म्हणून, उलटी अक्षरं रंगवायची आणि तू बाहेर पदपथावर उभी राहून हाताने खुणा करायचीस? तुझा बाप ट्रक घेऊन महिनामहिना बाहेर, शाळा सुटली की तू तिथेच. मी तुझ्याकडे तोंड करून उभी, मधे काच. पहिल्या आठवड्यात तुझं डावं आणि माझं डावं यांचा असा गोंधळ झाला, की मिठाईवाल्याची पाटी पुसून पुन्हा लिहावी लागली. तेव्हा मी तुला तुझ्या अण्णा आजोबांचा नियम घालून दिला: रस्त्यावरच्या माणसाचं डावं तेच डावं, आतल्या माणसाचं विसरून जायचं. तू तो इतका पक्का केलास, की आजही समोर तोंड करून कुणी बसलं, की तू त्याचं डावं मोजतच नाहीस, आपलंच मोजतेस. प्रश्नात मात्र बसलेल्या माणसाचं डावं धरतात.

म्हणजे तुझ्या दोन खेपा माझ्यामुळे गेल्या, बाळा. हे लिहिताना मला फार वाईट वाटतंय, पण वाईट वाटून घ्यायला आत्ता वेळ नाही. उपाय ऐक. मी रंगवताना डबा कुठल्या हातात धरते? डाव्या. नेहमी डाव्या. तू पदपथावरून बारा वर्षं तो डबा बघितलास. तर आता प्रश्नातल्या प्रत्येक माणसाच्या डाव्या हातात रंगाचा डबा दे. वकील असो की सुतार, आधी डबा, मग बाकीचं. डब्याची बाजू ती डावी. बस्स!

लगेच करून बघ आणि कळव. तोपर्यंत मला चैन पडणार नाही.

तुझी अपराधी आणि आनंदाने वेडी झालेली,
आत्या

---

दि. २४ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. नाही, सरळ मिठी.

पंचवीसपैकी चोवीस!! पुन्हा दुसरा पेपर घेतला: पंचवीसपैकी पंचवीस! तुझं पत्र मी जिन्यातच फोडलं, जिथे रडले होते तिथेच, आणि असा आरडाओरडा केला की खालून राखणदार वर आला. शंकासुराने तुझं पत्र तीनदा वाचलं आणि पहिल्यांदाच तिला एकही शंका निघाली नाही. आता तीही डबे वाटते. काल एका प्रश्नात आठ बँक अधिकारी गोल टेबलाशी बसले होते, आम्ही आठांनाही डबे दिले आणि पोट धरून हसलो. एवढे साहेब, आणि हातात हिरवा ऑईलपेंट!

आणि हे बघ, अपराधी वगैरे पुन्हा लिहिलंस तर मी बोलणारच नाही. त्या पदपथावर उभं राहून मी रेघ बघायला शिकले, एकेका अक्षरासाठी थांबायला शिकले. घरी कुणी नसायचं तेव्हा काचेपलीकडे तू असायचीस. दोन खेपा गेल्या तर गेल्या. एवढी वर्षं मी स्वतःला मठ्ठ समजत होते, ते ओझं तू एका पत्रात उतरवलंस.

परीक्षा नऊ मार्चला. आता मला भीती नाही, घाई झाली आहे. चष्मेवाल्या काकांना नमस्कार.

लोभाचा डबा भरलेला असू दे.

भिंगरी

---

दि. ९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. पेपर देऊन आत्ताच आले, चपलाही काढल्या नाहीत.

बैठक व्यवस्थेचे दहा प्रश्न होते. दहा! सहा जण उत्तरेकडे, सहा दक्षिणेकडे, समोरासमोर. आधीची मी असते तर तिथेच आडवी झाले असते. मी शांतपणे बाराही जणांच्या डाव्या हातात पेन्सिलीने टिंब दिलं. पर्यवेक्षक बाई माझ्या कागदाकडे वाकून बघून गेल्या, त्यांना वाटलं असेल हिला काही उमजत नाही म्हणून टिंबं काढत बसली आहे.

आणि आत्या, शेवटून तिसरा प्रश्न काय होता सांगू? फोटोकडे बोट दाखवणारा माणूस! या वेळी बाई होती, आणि शब्द थोडे फिरवले होते, पण उत्तर तेच. मी ‘आत्या’ सोडून बाकीचे पर्यायसुद्धा वाचले नाहीत. आधी गोल काळा केला, मग डोळे पुसले, मग वाचले.

निकाल एप्रिलअखेर. जे होईल ते होवो, असं मी म्हणणार नाही. मला ही नोकरी हवी आहे, फार हवी आहे.

तू तुझा लोभ ठेव, मी माझा धीर ठेवते.

भिंगरी

---

दि. २८ एप्रिल

आत्या,

सगळे मायने विसरले. झाले! यादीत अकरावी आहे! बुद्धिमत्ता चाचणीत पन्नासपैकी एकोणपन्नास. शंकासूरही लागली, चोविसावी, आणि यादी छापताना चूक तर झाली नसेल ना म्हणून कार्यालयात विचारून आली. नाही झाली! शनिवारी येते आहे. बाबांना कळवलं, त्यांनी ट्रक बाजूला घेऊन ढाब्यावरच्या सगळ्यांना चहा पाजला म्हणे.

तुझीच,
भिंगरी

---

दि. १ मे

चि. सौभाग्याची, बुद्धीची आणि माझी भिंगरी हिस, जेवढे शिल्लक होते तेवढे सगळे आशीर्वाद.

तुझं पत्र मी उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग चष्मेवाल्याला मोठ्याने वाचायला लावलं, कारण डोळ्यांपुढे अक्षरं ठरेनात. तो बिचारा अकरावी म्हणताना दोनदा अडखळला. मग मी दुकान आतून बंद केलं आणि रंग कालवला.

दर्शनी काचेवर लिहिलं आहे. चांगलं हातभर मोठं, लाल, काळी किनार. लिहून होत नाही तोच चष्मेवाला रस्ता ओलांडून धावत आला. मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा चुकले असं त्याला वाटलं. बाहेरून सगळं उलटं दिसतंय म्हणाला, तुमच्या डोळ्यांना काही झालंय का, आत्ताच्या आत्ता तपासून देतो. माणसं थांबून मान वाकडी करून बघतायत, तीही त्याने दाखवली.

मी त्याला सांगितलं, की चुकले नाही. आजवर प्रत्येक अक्षर रस्त्यावरच्या माणसासाठी उलटं लिहीत आले. हे एकच सुलटं लिहिलंय. हे आतल्या माणसासाठी आहे.

तेव्हा शनिवारी येशील तेव्हा पदपथावर उभी राहू नकोस. सरळ आत ये. माझ्या शेजारी उभी राहा आणि माझ्या बाजूने वाच: भिंगरी, तिसऱ्या खेपेला, पण पास.

लोभ कमी होता कधी, की वाढवायला सांगू? ये लवकर.

तुझी आत्या