मंगळवारची कल्लव्वा

प्रिय अण्णा,

वरची दोन अक्षरं आपल्या आईच्या, अव्वाच्या शिकवणीची आहेत. पत्र कुणालाही असो, आधी 'प्रिय' लिहावं, असं ती म्हणायची. तिच्यासाठी लिहिलं, तुझ्यासाठी नाही.

परवा तू सोलापूरच्या स्टँडवर आलास. कंट्रोलरच्या खिडकीशी उभा राहून काव्या कंडक्टर कुठं राहते म्हणून विचारलंस. 'बहीण आहे माझी, लई दिवसांत भेट नाही,' असं म्हणालास. मी आतल्या खोलीत होते. तुझा आवाज बारा वर्षांनी ऐकला आणि ओळखायला जरासुद्धा वेळ लागला नाही. तू जाईपर्यंत मी जागची उठले नाही. भीतीनं नव्हे. समोर आले असते तर रागात काहीतरी अर्धवट बोलून गेले असते, आणि तुझ्याशी आता अर्धवट बोलायचं नाही असं मी ठरवलंय. पत्ता कुणाला द्यायचा नाही हे कंट्रोलरला आधीच सांगून ठेवलं होतं. पुन्हा तिथं जाऊ नकोस. तू खरं काय विचारायला आला होतास ते मला ठाऊक आहे. त्याचं उत्तर या पत्रात शेवटी आहे, पण तिथवर पोचायचं तर मधलं सगळं तुला वाचावं लागेल.

मराठीत लिहिते आहे, कारण घरच्या कन्नडमध्ये भांडायला गेले की मला रडू येतं. शाळेतल्या भाषेत नीट उभं राहता येतं. आणि तुला 'तू' म्हणते आहे, तेही ध्यानात घे. तू माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. घरात मी तुला कायम 'तुम्ही' म्हटलं. फक्त मंगळवारी, ओट्यावर बसवलंस की मी 'अरे अण्णाराव' अशी हाक मारायचे आणि तू सगळ्या लोकांदेखत माझ्यापुढे आडवा पडायचास. बुधवारी सकाळी पुन्हा 'अण्णा, तुम्ही जेवलात का?' आजचं 'तू' मंगळवारचं नाही. ते माझं आहे.

हे सगळं कसं सुरू झालं ते तुला आता आठवत नसेल. लोकांना तू इतक्या वेळा दुसरंच सांगितलंस की तुलाही ते खरं वाटत असेल. मी आठ वर्षांची होते. अंगात ताप होता. मळ्यातल्या खोपीत बाजेवर पडले होते आणि बाहेर बोअरचं मशीन धडधडत होतं. दोन ठिकाणी नुसता धुरळा निघाला होता. मी 'नीरु कोडु, नीरु कोडु' म्हणत होते. पाणी दे म्हणत होते, अण्णा. मला तहान लागली होती. अव्वा तांब्या घेऊन येत होती, तेवढ्यात तिकडं बोअरला पाणी लागलं. तू मशीन सोडून धावत आलास आणि मला पाणी पाजायच्या आधी माझ्या पाया पडलास. आपल्या बांधावर शेंदूर फासलेला दगड होता, कल्लव्वा. तीच माझ्या तोंडून बोलली, असं संध्याकाळपर्यंत साऱ्या दुधनीला कळलं होतं.

पुढच्याच मंगळवारी तू माझ्या गळ्यातलं इष्टलिंग काढून घेतलंस. जन्मल्यावर स्वामींनी बांधलेलं लिंग, जे आपल्यात मेल्यावरसुद्धा अंगावरून काढत नाहीत. 'कल्लव्वा आईच्या अंगावर दुसरा देव चालत नाही,' म्हणालास. अव्वा एवढंसं तोंड करून उभी होती. मग माझे केस विंचरायचे बंद झाले. जट झाली तेव्हा तू त्यावर हळद उधळलीस. ओट्यावर मी बसायचे, हलगी वाजायची, उदाच्या धुरानं डोळे चुरचुरायचे आणि तू चवरी घेऊन माझ्या मागं उभा राहायचास. उजवा खांदा दाबलास की 'हो'. डावा दाबलास की 'नाही'. माझे खांदे अजून कुणी नुसता हात ठेवून हाक मारली तरी आखडतात. मागून कुणी हात लावायचा नाही, हे माझ्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक आहे.

सगळंच खोटं असतं तरी बरं झालं असतं. पण कधीकधी हलगी अशी चढायची की माझी मान आपोआप फिरायला लागायची आणि काय बोलले ते मला नंतर आठवायचं नाही. ते काय होतं हे मला आजही ठाऊक नाही. देवी असेल, उपाशी पोटावरची भोवळ असेल. ते समजून घ्यायचा हक्क माझा होता, तोही तू घेतलास. कारण त्यातूनसुद्धा शेवटी तुला हवं तेच निघायचं. आठवड्यातले सहा दिवस मी एक रिकामी खोली होते, पुढच्या मंगळवारसाठी झाडून ठेवलेली. तेराव्या वर्षी मी मोठी झाले तेव्हा अव्वाला तू बजावलंस, बाहेर कळता कामा नये. त्या मंगळवारी आईचं मौन आहे असं लोकांना सांगितलंस. सातवीनंतर शाळा सुटली. दोन स्थळं आली तर तू हसलास. 'देवीचं कुठं लग्न असतं का?'

मी पळाले असं तू घरात सांगतोस. मला अव्वानं पाठवलं. पहाटे ती स्टँडवर सोडायला आली. पिठाच्या डब्यात जपलेलं माझं लिंग तिनं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, 'हे तुझं आहे. ते मागायला कुणाची परवानगी लागत नाही.' माझ्या आईनं माझ्यासाठी आयुष्यात एवढंच केलं आणि ते पुरलं. ती गेली तेव्हा तू मला कळवलं नाहीस. अव्वाच्या मातीला तिची मुलगी नव्हती. कारण कल्लव्वा श्रीशैलला तपाला गेली असं तू गावाला सांगून बसला होतास, आणि तपाला बसलेली देवी एसटीनं कशी येणार? याची माफी मागू नकोस. मी ती ठेवून घेणार नाही.

सोलापुरात बाळीवेशीत एका ईरम्मांच्या घरी खोली मिळाली. एकट्या राहतात, कडक बोलतात. पहिल्या दिवशी डोक्यावरचा पदर सरकला आणि त्यांनी जट बघितली. मला वाटलं आता पाया पडतील. त्यांनी विचारलं, 'खाजतंय का?' मी हो म्हटलं. त्यांनी खोबरेल आणलं, कात्री आणली आणि दारातच मला बसवून सगळी जट कापून काढली. देवी कोपेल, तोंड वाकडं होईल, असं तूच मनात भरवलेलं. काही झालं नाही. मान हलकी झाली. त्या रात्री मी उताणी झोपले.

पण खरी भीती त्यानंतरची. कल्लव्वा नाही तर मग मी कोण? बाजारात कुणी नाव विचारलं तर 'काव्या' म्हणायला माझी जीभ अडायची. वाटायचं, ते नाव कुणा दुसरीचं आहे आणि मी ते चोरलंय. ईरम्मा रोज सकाळी पूजेला बसत. डाव्या तळहातावर लिंग ठेवून बघत राहत. मीही माझं घेऊन शेजारी बसले. डोळे मिटले आणि हलगी नसताना माझी मान फिरायला लागली. मी किंचाळून उठले. ईरम्मांनी मला पुन्हा खाली बसवलं. 'डोळे मिटू नको,' म्हणाल्या. 'आपल्या पूजेत डोळे उघडे ठेवतात. लिंगाकडं बघ. आणि कोण बघतंय तेही बघ.' किती महिने मी नुसती बघत बसले. कुणी अंगात आलं नाही, कुणी खांदा दाबला नाही. तळहातावर एक काळं, गुळगुळीत लिंग, आणि त्याच्याकडं बघणारी मी. एके सकाळी कळलं की ही बघणारी ओट्यावरही होती. धूर झोंबत होता तेव्हा होती, खांदा दुखत होता तेव्हा होती. मी रिकामी कधीच नव्हते. तू मला रिकामी म्हणालास आणि मी ते मानलं. मला देव त्या सकाळी भेटला, अण्णा, आणि त्यानं माझ्या तोंडून एक शब्दही वदवला नाही.

मग सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली, कंडक्टरचा बॅज काढला, एसटीत लागले. अक्कलकोट-दुधनीची ड्युटी मी टाळत आले. या वर्षी ती वाट्याला आली, आणि पावसाळ्याआधी गाडीत बजाबाई चढली. तुला ती आठवायला हवी. तिची लेक सुकन्या नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आली होती. 'पुन्हा नांदायला धाडू का?' असं बजाबाईनं ओट्यासमोर बसून विचारलं. सासरच्या माणसानं आपल्या मांडवाचे पत्रे दिले होते. तू उजवा खांदा दाबलास. मी अकरा वर्षांची होते.

गाडीत बजाबाईनं मला ओळखलं आणि चालत्या गाडीत वाकून पाय धरायला लागली. 'आई, तुमी हितं? तपाला गेलाय म्हनत हुते की.' मी तिला धरून सीटवर बसवलं. शेजारी खिडकीशी सुकन्या होती. नवऱ्यानं कानशिलात मारून तिचा डावा कान गेला आहे, उजव्यानं थोडं ऐकू येतं, दवाखान्यात निघाल्या होत्या. बजाबाई माझ्याकडं वळून म्हणाली, 'येक इचारू का? त्या दिशी धाड म्हनाला, ते कोन बोललं? आई बोलली का तू बोललीस?'

जन्मभर लोकांनी मला प्रश्न विचारले. ज्याचं उत्तर मीच द्यायचं असा तो पहिला. मी म्हणाले, 'आई नाही आणि मीही नाही. माझा भाऊ बोलला.'

तिचं तोंड असं झालं की मला वाटलं आता मारते. मारलं असतं तरी मी हात धरला नसता. सुकन्या माझ्या ओठांकडं बघत होती. ती म्हणाली, 'आये, मी तवाच सांगितलं न्हवतं व्हय? ह्या पोरीचं डोळं रडल्यावानी हुतं.' बजाबाई पदरातली सुटी नाणी काढत म्हणाली, 'दोन दे सोलापूर.' तिनं मला अगं-जागं केलं, इतर बायका करतात तसं. मी दोन अर्धी तिकिटं काढून दिली. उतरताना तिनं एवढंच सांगितलं, 'तुज्या भावाला म्हनावं, माजी लेक भयरी झाली.' तिनं मला माफ केलं नाही आणि दोषही दिला नाही. तुला निरोप दिला आहे, तो पोचवते. बजाबाईची लेक बहिरी झाली, अण्णाराव.

आता तुझं उत्तर. मागच्या महिन्यात माझ्या गाडीचा ड्रायव्हर अजिनाथ यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. 'दुधनीत कल्लव्वा परत आली, बघितलं का?' ओट्यावर तुझी लेक नीलांबिका होती. नऊ वर्षांची. केस मोकळे, कपाळभर हळद, मान फिरते आहे. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं, तरी आपल्या अव्वाची हनुवटी ओळखली. आणि तिच्या उजव्या खांद्यावर मागून आलेला हात ओळखला. मी तो व्हिडिओ पुन्हा बघितला नाही. वहिनीचा नंबर मिळवला आणि एवढंच विचारलं, 'पोरीनं हो म्हटलंय का?' वहिनी फोनवर रडायला लागली. मी तिला माझ्या गाडीची वेळ सांगितली. तुला वाटतं त्या दोघी माहेरी जातो सांगून कुठं गायब झाल्या. त्या माझ्या गाडीत बसल्या. तिकिटं मीच काढली. वहिनीनं पोलीस ठाण्यात जाऊन सगळं सांगितलं आहे, स्वतःच्या तोंडानं, मी शेजारी नुसती बसले होते. नीलाला इथल्या शाळेत घातलं आहे. तिच्या केसांत गुंता होता, तो सुटला. ती खूप कमी बोलते, पण काल तिनं मला विचारलं, 'अत्ते, कल्लव्वा मला शोधत येईल का?' मी सांगितलं, 'ती दगड आहे बाळा, तिला चालता येत नाही. शोधत येईल तो तुझा बाप.' ती घाबरली. बाप येणार या विचारानं तुझी पोरगी घाबरली, हे तुला कळावं म्हणून हे सगळं लिहिलं. तेव्हा एकच ऐक. कधी यायचं झालं तर बाप म्हणून ये, दारात उभा राहा, तिला बरं आहे का विचार आणि ती जे सांगेल ते ऐकून परत जा. तिच्या पाया पडायला आलास तर हे दार मी उघडणार नाही.

रक्तानं तुझी बहीण, बाकी तुझी कुणीच नाही,
काव्या