इस्त्रीची चिठ्ठी

ता. ६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुम्हीही बरेच असाल असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस आणि तुझी बायको फोनवर "सगळं छान आहे, ताई" याच्यापुढे सरकत नाही. माझ्या भाचीचे समोरचे दात आले का? तुझे भाऊजी निवृत्त होऊन आठ महिने झाले. रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून डब्यांची जागा कशी चुकली आहे ते मला समजावून सांगतात. मी ऐकून घेते आणि डबे तिथेच ठेवते.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू "हं" म्हणतोस आणि मग मला पुढचं सुचत नाही.

आपलं दुरुस्ती मंडळ व्यवस्थित चाललं आहे. शनिवार एकही चुकलेला नाही. नळवाले काका आता गुडघ्यामुळे खाली बसत नाहीत, पण टेबलावर ठेवलेलं काहीही त्यांच्या हातून सुटत नाही. नर्सबाई छत्र्या शिवतात. जखमेला टाके घालावेत तशाच शिवतात आणि शिवता शिवता छत्रीच्या मालकाचा रक्तदाबही विचारतात. घड्याळजींना ऐकू कमी येतं, तरी घड्याळ चालतंय की बंद आहे ते हात लावून सांगतात. माझं काम तेच, बटणं आणि कुरकुर. तू सुरू केलेली चिठ्ठीची पद्धतही तशीच आहे. आलेल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची, पुढे वस्तू आणि बिघाड, मागे काय केलं आणि ते कोणी शिकवलं. मालकाचं नाव मात्र नाही. वस्तू बरी झाली की चिठ्ठी डब्यात. तीस वर्षं शाळेच्या कचेरीत काढलेल्या बाईला नावाशिवायची नोंद बघून आजही कसंतरीच होतं, पण मी मोडता घातलेला नाही.

आता मुख्य बातमी. जुन्या दवाखान्यामागची आपली खोली पालिकेला गोदामासाठी हवी आहे. मात्र वस्तीत काम करणाऱ्या गटांसाठी त्यांनी मदतीची योजना काढली आहे, तिच्यात बसलो तर खोली पाच वर्षं आपली, शिवाय वीज आणि हत्यारं त्यांची. नाही बसलो तर महिनाअखेर किल्ली परत. एकोणीस पानांचा फॉर्म होता. मी तो दोन दुपारींत भरला आणि मला किती आनंद झाला ते तुला सांगायला नको. अडले फक्त एका रकान्यापाशी, "लाभार्थ्यांची नावे व सह्या". तिथे मी "नावे विचारली जात नाहीत" असं लिहिलं. हो, मी लिहिलं.

मागच्या वेळी हीच योजना आली होती तेव्हा त्या बैठकीत जे काही

जाऊ दे. खोलीला पांढरा रंग दिला आहे, छान उजेड पडतो.

पंधरा तारखेला पालिकेची बाई पाहणीला येणार आहे. कामाची गरज किती आहे ते तिला डोळ्यांनी दिसावं म्हणून मी वस्तीतून आठवडाभर मोडक्या वस्तू गोळा करणार आहे. सगळ्या चिठ्ठी बांधून टेबलावर मांडायच्या आणि ती येऊन जाईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद दिली आहे.

पत्राचं कारण एवढंच की, तुझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरला कुलूप आहे आणि किल्ली सापडत नाही. त्यात तुझं वीज तपासायचं मीटर असेल तर पाहणीच्या दिवशी मांडून ठेवीन. किल्ली कुठे आहे ते कळव.

तुझी,
ताई


ता. २ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझं कार्ड पोचलं. "किल्ली ड्रॉवरच्याच बुडाला चिकटपट्टीने लावली आहे." बस्स, एक ओळ. खाली सहीसुद्धा नाही. तरी ते कार्ड मी कपाटाच्या काचेत खोचून ठेवलं आहे, आणि तुझ्या भाऊजींनी ते डब्यांच्या कपाटात हलवायचं सुचवलं तेव्हा मी त्यांना बाहेर फिरायला पाठवलं.

ड्रॉवर उघडला. मीटर होतं. त्याच्याखाली पत्र्याचा एक जुना डबा होता, चिठ्ठ्यांनी गच्च भरलेला. मी त्यातलं काही न वाचता तो इतर डब्यांच्या ओळीत फळीवर ठेवून दिला.

पाहणीची हकीकत ऐक. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत अठरा वस्तू जमल्या होत्या. पंखा, मिक्सर, चार छत्र्या, भिंतीवरचं घड्याळ, चाक निखळलेली बाबागाडी, काय नि काय. सगळं एका रांगेत मांडलं, कुलूप लावलं आणि निश्चिंत मनाने घरी आले. किल्ल्या प्रत्येकाकडे आहेत ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही.

शनिवारी अकराला पालिकेची बाई आली. माझ्या शाळेतून शिकून गेलेल्या मुलींच्या वयाची, खांद्याला पिशवी, हातात फाईल. मी पायरीवरच तिला ऐकवलं, "आत जरा पसारा आहे हं. अठरा मोडक्या वस्तू आहेत. लोक किती आशेने आणून देतात ते बघाच तुम्ही." आणि दार उघडलं.

पंखा गरगर फिरत होता. घड्याळात अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती. चारही छत्र्या उघडून वाळत ठेवाव्यात तशा जमिनीवर होत्या, आणि नळवाले काका बाबागाडी पुढे-मागे ढकलून चाक वाजतंय का ते बघत होते. टेबलावर एकही चिठ्ठी नव्हती.

बाईने फाईल उघडली, टेबलाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "यातलं मोडकं काय आहे?"

नर्सबाई म्हणाल्या, "तुम्ही उशीर केलात हो. सकाळी आठला यायला हवं होतं."

मी म्हटलं, "अहो, हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"मी फक्त एक छत्री घेतली," नर्सबाई म्हणाल्या. "पण एक शिवली आणि बाकीच्या तीन तशाच टाकायच्या म्हणजे कसंतरीच वाटतं."

काका म्हणाले, "मी पाहायलाच आलो होतो. पंख्याचं कळलं, मग मिक्सरचंही कळायला पाहिजे ना!" घड्याळजींना काय चाललंय ते ऐकू आलं नव्हतं. ते बाईकडे पाहून अभिमानाने हसले आणि घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाले, "एक सेकंदही मागे पडणार नाही!"

बाई हसली, पण लगेच सावरली. म्हणाली, "मावशी, मला राग आलेला नाही. पण मी वर काय लिहू? या वस्तू मोडक्या होत्या हे मला कसं कळणार? तुमच्याकडे नावं नाहीत, सह्या नाहीत. तुम्ही खरोखर काम करता याला आधार काय?"

खोली गेली, असं मला त्या क्षणी वाटलं. खरं सांगते, तुझा भयंकर राग आला. नावं लिहू दिली असतीस तर आज रजिस्टर पुढे केलं असतं.

घड्याळजींनी कसं कोण जाणे, पण नेमका "आधार" हा शब्द ऐकला. ते उठले, दाराजवळचा डबा घेतला आणि बाईपुढे टेबलावर उपडा केला. त्यात त्या सकाळच्या अठरा चिठ्ठ्याही होत्या. बाईने एक उचलून वाचली, मग दुसरी. मग खुर्ची ओढून बसली. "असे अजून आहेत?" तिने विचारलं, आणि आम्ही फळीवरचे सगळे डबे तिच्यासमोर आणून ठेवले.

धाकट्या, ती दोन तास वाचत होती. तारीख, वस्तू, बिघाड, काय केलं, कोणी शिकवलं. नळवाल्या काकांनी मिक्सर तुझ्याकडून शिकला, नर्सबाईंनी काकांकडून, आणि गेल्या वर्षी वस्तीतल्या नऊ बायका नर्सबाईंकडून, सगळं त्यात होतं. मध्येच ती मोठ्याने वाचून दाखवायची. "वस्तू: बोलणारी बाहुली. बिघाड: बोलत नाही. काय केलं: पोट साफ केलं. आता थांबत नाही. मुलीची आई बंद कशी करायची ते विचारायला आली होती." तुझं अक्षर. काका हसून हसून खोकायला लागले.

बाई म्हणाली, "आमच्याकडे सगळे गट नावांच्या याद्या देतात. एकाच माणसाच्या चार सह्या असतात, तेही मला कळतं. असं काही मी पाहिलेलं नाही. ही पद्धत कोणाची?"

मी म्हटलं, "माझ्या धाकट्या भावाची. तो सध्या बाहेरगावी असतो."

मग तिच्या हाताला तो ड्रॉवरमधला डबा लागला. त्याच्या तळाशी पहिली चिठ्ठी होती. तिने वाचली, "वस्तू: ताईची इस्त्री. बिघाड: इस्त्री तापत नाही, ताई तापते." सगळे माझ्याकडे बघून हसले, मीही हसले. ही बाजू मला पाठ होती. कचेरीच्या सवयीने महिन्याअखेरी चिठ्ठ्या मोजायचे तेव्हा मी पुढचीच बाजू बघायचे. बाईने ती उलटली. "काय केलं: तार बदलली. कोणी शिकवलं: तार बदलायला मी आपला आपण शिकलो. पण केलेलं काम कागदावर नीट लिहून ठेवायचं, ते ताईने शिकवलं."

मी चष्मा पुसायचं निमित्त करून बाहेर पायरीवर जाऊन बसले.

आता मला ते लिहायलाच हवं. मागच्या पत्रात अर्ध्यावर सोडलं, आणि त्याआधी चार वर्षं सोडतच आले. त्या बैठकीत मी नावं लिहू या म्हणत होते, तेव्हा तू म्हणालास, "माणसाला नाव विचारलं की तो मोडकी वस्तू घरीच ठेवतो." बरोबर बोलत होतास. मला उत्तर सुचलं नाही म्हणून मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुला कागदांची भीती आहे. कागदांपायीच तुझं रेडिओचं दुकान बुडालं." तू हातातला स्क्रू ड्रायव्हर हळूच खाली ठेवलास आणि निघून गेलास. आपटला असतास तर बरं झालं असतं.

दुकान कशाने बुडालं ते मला माहीत होतं. आईच्या आजारपणात तू आठ महिने दुकान उघडलं नाहीस. तिच्या खाटेजवळ तू बसायचास आणि मी वेळेवर कचेरीत जायचे. माझी नोकरी टिकली, पेन्शन लागली. तुझी गिऱ्हाइकं गेली. तू त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाहीस, आणि म्हणूनच बहुतेक मला तुझ्यासमोर ताठ उभं राहता येत नव्हतं. चूक माझी होती. मला फार वाईट वाटतं, रोज वाटतं.

पालिकेचं पत्र आलं. खोली आपली झाली, पाच वर्षांसाठी. नावांचा रकाना त्यांनी आपल्यापुरता खोडला आणि तिथे "चिठ्ठ्या पाहिल्या" असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी घड्याळजींनी सगळ्यांना चहा पाजला. मी फार खूश आहे, पायरीवर रडून आल्यानंतरही खूशच होते.

आता एवढंच राहिलं आहे. करारावर मंडळाच्या दोन संस्थापकांच्या सह्या लागतात, आणि कागदोपत्री संस्थापक तू आणि मी. तुझं नाव मी कधीच काढलेलं नाही. दर वर्षी "बाहेरगावी" एवढंच लिहीत आले. बाई म्हणाली, त्यात काय, ठराव करा आणि काकांचं नाव घाला. ठराव लिहून तयार आहे. तिघांनी सह्या केल्या आहेत, माझी नाही. तीनदा पेन उचललं आणि तीनदा ठेवलं.

सह्यांची शेवटची तारीख वीस आहे. तुला अडचणीत टाकायचं नाही. एकोणीसच्या संध्याकाळपर्यंत तू आला नाहीस तर मी ठरावावर सही करीन, कारण खोली जायला नको, तूही तेच म्हणशील. पण पहिली गाडी साडेनवाला पोचते, पालिकेची कचेरी साडेदहाला उघडते आणि तुझं टेबल मी पुसून ठेवलं आहे. बायकोला आणि भाचीलाही आण. भाऊजी त्यांना डबे दाखवतील.

सोबत एक चिठ्ठी जोडली आहे. पुढची बाजू मी भरली. मागची तुझी.

वाट पाहणारी,
ताई

वस्तू: ताई.
बिघाड: चार वर्षांपूर्वी भर बैठकीत भावाबद्दल खोटं बोलली. खोटं आहे हे तेव्हाही माहीत होतं.
काय केलं:
कोणी शिकवलं: