कोपऱ्यातले पंजे

१२ नोव्हेंबर १९९६, बारामती

मल्हार आजही इंदापूरला. पाचवा दिवस! पुण्याहून दिग्विजय नावाचा चित्रकार आलाय, ट्रक थांबतात तिथल्या भिंतीवर एड्सचं चित्र काढतोय, मल्हार त्याच्या मदतीला. आपल्यासारखाच आहे म्हणे. मग? आपल्यासारखे म्हणून सगळ्यांना डोक्यावर बसवायचं?

दुकानांच्या पाट्या मी एकटा रंगवतोय. आठ वर्षं एका खोलीत संसार केला. लोकांना भागीदार म्हणून सांगतो. प्रेम आहे असं मल्हारला तोंडानं कधी सांगितलंच नाही.

१४ नोव्हेंबर

जेवताना नुसतं दिग्विजय, दिग्विजय. त्याला दूध पचत नाही, तो फार वाळलाय. मी ताटावरून उठलो.

१७ नोव्हेंबर

न राहवून इंदापूरला गेलो. मल्हार आणि तो जेवायला गेले होते. भिंतीवर दोन पुरुष — एक अंथरुणाला खिळलेला, दुसरा त्याला घास भरवतोय. वर मल्हारची अक्षरं : 'याला घराबाहेर काढू नका.' चित्र चांगलं आहे. त्याचाच जास्त राग आला.

खाली कोपऱ्यात दोन निळे पंजे. एकाची करंगळी अर्धी. मल्हारचा! शेजारचा दिग्विजयचा, दुसरा कुणाचा असणार?

पाटी पुरी झाली की कोपऱ्यात दोघांचे अंगठे उमटवायचे, ही आमची सही. माझ्या वाट्याला अंगठा आणि त्याला अख्खा पंजा!

चहावाल्या गोजरबाई म्हणाल्या, "तुमचा मल्हार त्या पावण्याला लई जपतो. हातानं भरवतो."

रंगाचा डबा उघडाच होता. दोघांच्या मधोमध माझा पंजा दाबला आणि आलो.

१८ नोव्हेंबर

मल्हार पांढराफटक होऊन घरी आला. "रामहरी, तितं हात कशापायी लावलास? ती सही न्हाय. ज्याच्या रक्तात ती लागण हाय, त्यानंच तितं हात उमटवायचा."

"मग तुझा?"

"पंधरा दिस झालं कळून. तुला सांगायचा धीर हुईना. त्याला सांगता आलं, त्यालाबी तेच हाय."

आणि मी इतके दिवस फुगून बसलो होतो.

२० नोव्हेंबर

तपासणीला रक्त देऊन आलो. आठ दिवसांनी कळेल. मल्हार पांढरा रंग घेऊन इंदापूरला निघाला होता, माझा पंजा पुसायला. मी डबा काढून घेतला.