पत्रात मागणी एकच असावी

आळेफाटा,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. यशोधराताईस,
राजरत्नचा सप्रेम जयभीम.

इकडं आम्ही बरे आहोत. तळेघरला आता थंडी पडली असेल, भातकापणीही उरकत आली असेल. दाजींचा गुडघा कसा आहे? चढावर चालायला त्रास होत असेल तर त्यांना गुडघ्याला बांधायचा पट्टा पाठवून देतो.

रजिस्टर पोस्टाचं पाकीट बघून घाबरू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. झालंय ते चांगलंच झालंय, आणि ते तुला कधी सांगतो असं मला झालंय! सहा महिने तू माझा फोन उचलत नाहीस. उचलला असतास तरी तिकडच्या रेंजमध्ये एवढं सगळं मावलं नसतं.

ताई, कर्जाच्या कंपनीनं माझं म्हणणं मान्य केलं. लेखी, शिक्क्यासकट! मध्ये वकील नाही, पुढारी नाही, कुणाची ओळख नाही. मी एकट्यानं बोललो. झेरॉक्स सोबत जोडली आहे. महिना दोन हजार सातशे, चाळीस हप्ते. दंड माफ, वर व्याज नाही. तीन हप्ते भरून झाले, सदतीस राहिले. पावत्या मी रेक्झिनच्या पाकिटात घालून दुकानात डोळ्यांसमोर टांगल्या आहेत. ट्रकवाले विचारतात, हे काय लावलंय? मी म्हणतो, माझं प्रशस्तिपत्र.

आता सगळं क्रमानं सांगतो.

दोन वर्षांपूर्वी सीटा शिवायचं मोठं मशीन घेतलं, त्याचं हे कर्ज. हप्ता सहा हजार दोनशे. गेल्या डिसेंबरात मनगट मोडलं आणि चार महिने दुकान जवळजवळ बंद राहिलं, हे तुला माहीत आहे. माहीत नाही ते असं, की वसुलीचा फोन आला की मी म्हणायचो, दहा तारखेला भरतो. दहा उजाडली की म्हणायचो वीस. “एवढे जमत नाहीत” हे शब्द तोंडातून निघत नव्हते. सहा हजार देतो म्हणणारा माणूस ऐटीत दिसतो, दोन हजार देतो म्हणणारा भिकारी दिसतो, असं डोक्यात बसलेलं. म्हणून मी ऐटीत राहिलो आणि एक रुपयाही भरला नाही.

आषाढी पौर्णिमेला विहारात वंदना चालू होती. पंचशील म्हणत होतो. खोटं न बोलण्याचं चौथं शील तोंडात, आणि खिशात फोन थरथरला. मी उठून चपलांपाशी गेलो आणि हळू आवाजात सांगितलं, “साहेब, मी नाशिकला आलोय, उद्या भरतो.” आत आलो तर सगळे पाचव्या शिलावर पोचलेले. दाराशी कुशाबाई बसलेली. तुला ती आठवत असेल, ऐंशी वर्षांची झाली तरी कान शाबूत आहेत. मला म्हणाली, “कवा गेलतास रं नाशिकला? आन एवढ्यात आलास बी?”

आजूबाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून वर्षावास सुरू होत होता. मी मनाशी ठरवलं, हे तीन महिने कंपनीशी एक शब्द खोटा बोलायचा नाही.

पण ताई, खरं बोलायचं तर खरा आकडा पाहिजे, आणि तोच मला माहीत नव्हता! तेजस्विनी आणि मी वही घेऊन बसलो. मी नेहमीसारखा दिवाळीच्या महिन्याची कमाई धरून हिशोब मांडला. ती म्हणाली, “तुमी सीटचं माप घेताना डायव्हरला वर बसवता ना? रिकाम्या सीटचं माप घेऊन शिवलं तर काय व्हतं?”

“शिवण उसवते.”

“मग घराचं माप रिकामं कशापायी घेताय? बसवा की सगळा भार.”

माझ्याच धंद्यातली गोष्ट मला माझ्या बायकोनं शिकवली. मग आम्ही वर्षातला सगळ्यात वाईट महिना धरला. भाडं, वीजबिल, फोम, दोरा, किराणा, औषधं, सगळं त्याच्यावर लादलं. उरले दोन हजार नऊशे. दोनशे अडीअडचणीला ठेवले. असे ते सत्ताविसशे.

मग पत्र लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात पाच मागण्या केल्या होत्या: दंड माफ करा, व्याज कमी करा, सहा महिने थांबा, असं बरंच काही. वाचताना मला तू आठवलीस. मी नववीत असताना तू ओट्यावर बसून मला औपचारिक पत्र शिकवलं होतंस. पाटीवर चौकट आखून, वर उजवीकडं पत्ता, खाली विषय. आणि म्हणाली होतीस, “राजू, पत्रात मागणी एकच असावी. दोन केल्यास तर वाचणारा सोपी तेवढी मान्य करतो आन अवघड बाजूला सारतो.” मी चार मागण्या खोडल्या. ठेवली एकच: दरमहा पाच तारखेला रु. २७०० स्वीकारावेत. एक प्रत शाखेला, एक करारामागं छापलेल्या तक्रार अधिकाऱ्याच्या पत्त्यावर. दोन्ही रजिस्टर पोस्टानं. पोस्टातल्या माणसानं विचारलं, कोर्टाचं काही आहे का? मी म्हटलं, नाही, खरं आहे.

ऑगस्टच्या सुरुवातीला वसुलीवाला दुकानावर आला. गोरख नाव, वयानं माझ्याच बरोबरीचा. मोटरसायकलची सीट फाटलेली, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. मी पहिल्यांदा ती सीटच बघितली.

“राजरत्न तुमीच ना? का अजून नाशिकलाच हाय?”

“मीच. बसा.”

“बसायला न्हाई आलो राव. त्रेचाळीस हजार थकलेत. निम्मे तरी घेतल्याबिगर जायचो न्हाई.”

“निम्मे न्हाईत. सत्ताविसशे हायेत. दर महिन्याला.”

तो हसला. “सत्ताविसशे? एवढ्याचा तर आमच्या हापिसात चहा व्हतो. पाच करा, मी वर बोलतो.”

ताई, आधीचा मी असतो तर लगेच हो म्हटलं असतं. पाच हा शब्द अगदी जिभेवर आला होता. पण म्हटलं, “पाच म्हणलो तर तुमी आज खूश व्हाल आन पुढच्या महिन्यात परत याल. सत्ताविसशे म्हणलो तर परत यायचं कामच न्हाई.”

“चार.”

“न्हाई.”

“साडेतीन. माझ्याकडं बघून.”

“भाऊ, तुमच्याकडं बघूनच सत्ताविसशे म्हणतोय.”

त्यानं हिशोबाचा कागद हातात घेतला, एकेका ओळीवर बोट ठेवत वाचला. “ही विहाराची वर्गणी पन्नास रुपये. ही काढा की.”

“ती काढली तर बाकीचंबी जमणार न्हाई.”

त्यानं कागद परत दिला. मग म्हणाला, “मी दिसाला वीस जणांकडं जातो. सगळे देतो-देतो म्हणून फसवत्यात. देत न्हाई म्हणून भांडणारे तुमीच पहिले.” मग आवाज खाली आणून, “असं करा. एकरकमी साठ हजार टाका, फाइल बंद. तुमच्या भगिनी शाळेत बाई हायेत ना?”

मी म्हटलं, “तिचं नाव काढायचं न्हाई. तिला फोन करायचा न्हाई.” माझा आवाज चढला होता. तेव्हा त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि त्यातलं एक पान माझ्यासमोर धरलं. त्याचं पुढं लिहितो.

सत्ताविसशे रोख द्या म्हणाला, तर मी तेही दिले नाहीत. खात्यात भरीन आणि पावती घेईन म्हटलं. “माझ्यावर इश्वास न्हाई का?” “हाय ना. म्हणूनच तर. उद्या तुमच्यावर कुणी संशय घ्यायला नको.” जाताना तो गाडीपाशी घुटमळला. सीट शिवायला किती घ्याल म्हणाला. साडेतीनशे सांगितले. “माझ्याकडून बी?” मी म्हटलं, “फुकट शिवली तर ती लाच व्हईल. बसा वर, माप घेतो.” हसत हसत बसला. म्हणजे माझ्या पहिल्या हप्त्यातले साडेतीनशे रुपये खुद्द गोरखचे आहेत! तेजस्विनी हे ऐकून एवढी हसली, की तिच्या हातातली कात्री खाली पडली.

महिनाअखेरीला कंपनीचं पत्र आलं. मी ते दारात उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं, मग विहारात नेऊन ठेवलं आणि तिथं पुन्हा वाचलं.

पत्र अर्धं ठेवून मध्ये उठलो होतो. नाशिकचा ट्रक आला होता. त्याचं काम संपवलं, चहाही घेतला. आता टाळायला काही उरलं नाही.

गोरखच्या मोबाईलमध्ये माझा कर्जाचा अर्ज होता. संदर्भ म्हणून तुझं नाव, बहीण असं नातं आणि तुझा नंबर. खाली माझी सही. त्याच्याखाली मार्चमधल्या फोनची नोंद: ‘बहीण शिक्षिका. पगाराचा फरक जमा झाला आहे. ती भरेल असे कर्जदार सांगतो.’

हे मी बोललो होतो, ताई. तुला फरक मिळाल्याचं तू एकट्या तेजस्विनीला सांगितलं होतंस. तिनं आनंदानं मला सांगितलं. आणि तो फोन लवकर ठेवला जावा म्हणून मी ते वसुलीवाल्याला सांगून टाकलं. मग त्यांनी तुझ्या शाळेच्या ऑफिसात फोन केला, सगळ्यांसमोर तुला फरकाचं विचारलं. तू मला विचारलंस तेव्हा मी म्हटलं, कंपनीवाले नंबर कुठूनही काढतात. तू म्हणालीस, नंबर काढतील, पण फरकाचं? ते तर मी एकीलाच सांगितलं होतं.

वैशाखी पौर्णिमेला, आपल्या निमगाव साव्याच्या घरी, सगळ्या पंगतीसमोर तू तेजस्विनीला म्हणालीस, “माझ्या घामाचा पैसा गावभर वाटायला मी तुला सांगितलं व्हतं का?” तुझ्या जागी तू बरोबर होतीस. तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात खिरीचं भगुलं होतं. मी पुढच्या पानावर गेलो आणि खीर वाढत राहिलो. तू न जेवता उठलीस, तेव्हाही मी वाढतच होतो.

घरी येताना एसटीत मी तिला विचारलं, तू का नाही बोललीस? ती म्हणाली, “त्या मला इचारत नव्हत्या, सांगत व्हत्या. आन इचारलं असतं, तर मी खरं सांगितलं असतं. मग बहिणीपुढं तुमची मान कुठं राहिली असती?” त्यानंतर तिनं हा विषय एकदाही काढला नाही. ना टोमणा, ना रुसवा. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

वर्षावास संपला. कंपनीशी मी तीन महिने एक शब्द खोटा बोललो नाही, हे खरं. विहारात लोकांनी कौतुक केलं, कुशाबाईनं पाठीवरून हात फिरवला. मी खाली बघत उभा राहिलो. वसुलीवाल्याला सगळं खरं सांगणारा हा माणूस सख्ख्या बहिणीपुढं मात्र गप्प राहून खोटं बोलत होता, आणि रोज त्याच्या बायकोच्या अंगावर त्याचं व्याज चढत होतं.

तुझा नंबर कंपनीनं नोंदीतून काढून टाकला आहे. झेरॉक्सच्या मागच्या पानावर खालून तिसरी ओळ बघ.

पत्र लिहितोय हे तेजस्विनीला माहीत आहे. काय लिहितोय ते तिनं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, “ताईंना लिवा, त्यांच्या वाटणीची खीर मी त्या दिवशी डब्यात भरून ठेवली व्हती. दाजींच्या हाती द्यायची राहून गेली.”

आता माझी मागणी. मला माफ कर, असं मी लिहिणार होतो. लिहिलं आणि खोडलं. वरची रेघ तीच. मला माफ करणं तुला सोपं आहे, तुला लहानपणापासूनची सवय आहे. दोन मागण्या केल्या तर तू सोपी तेवढी मान्य करशील. म्हणून एकच करतो.

तेजस्विनीला फोन कर. माझ्या फोनवर नको, तिच्या. तिचा नंबर तुझ्याकडं आहेच. तुझा नंबर तिच्याकडं अकरा वर्षं आहे, तो तिनं आजपर्यंत कुणाला दिलेला नाही.

दाजींना जयभीम सांग.

त्या अर्जावर आणि या पत्रावर, दोन्हीकडं सही करणारा
तुझा धाकटा भाऊ,
राजरत्न